छावणीतला नंबराचा खेळ

मांजरसुंब्याच्या चौकात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. या आठवड्यापासून दुकानासमोरून पाण्याचे टँकर जायला लागले. वरच्या झाकणातून पाणी हिंदकळत, रस्त्यावर एक ओली रेघ ओढत ते नेकनूरच्या बाजूला वळतात आणि माझा चहा संपेपर्यंत ती रेघ वाळूनही जाते. मधली काही वर्षं जरा बरी गेली होती. यंदा परतीच्या पावसानंही तोंड फिरवलं आणि होळीच्या आधीच गावोगाव चारा छावणीची भाषा सुरू झाली. टँकर दिसला की लोकांना घरचा रिकामा हंडा आठवतो. मला मोबाईलवरचा एक खेळ आठवतो. हे कुणाला सांगितलं तर तो माझ्याकडे काळजीनं बघायला लागतो, म्हणून आज लिहूनच टाकतो.

दुकानात कॉलेजची मुलं येतात. नवा मोबाईल हातात फिरवत विचारतात, "दादा, ह्याच्यात गेम चालंल का?" मी विचारतो, "नंबराचा का पळता?" ती एकमेकांची तोंडं बघतात. मग दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं तरी मी समजावून सांगतो. काही सोंगाचे खेळ असतात. त्यात आपण चार जणांची टोळी घेऊन अनोळखी मुलखात हिंडतो. कुणी तलवारवाला, कुणी तिरंदाज, कुणी औषधपाणी करणारी बाई. वाटेत राक्षस भेटतात आणि लढाई होते. या लढाईच्या दोन तऱ्हा. एकीत सगळे एकदम तुटून पडतात, तुमचं बोट चपळ असेल तर तुम्ही वाचता. तो पळता खेळ. दुसरीत पडद्याच्या वरच्या कडेला सगळ्यांचे चेहरे ओळीनं मांडलेले असतात, आपल्या माणसांचे आणि राक्षसाचाही. ज्याचा चेहरा पुढे त्याचा नंबर. त्यानं काय करायचं ते करावं आणि ओळीत मागे जावं. तोवर बाकीचे उभे. राक्षससुद्धा उभा. इंग्रजी नावं टर्न-बेस्ड आणि रिअल टाइम अशी आहेत, पण मागच्या दुष्काळातल्या आमच्या छावणीत ती चालली नाहीत. तिथं नंबराचा आणि पळता हीच नावं चालली, आणि माझ्या मते तीच जास्त नेमकी आहेत.

मी नंबराचा माणूस. हे तेव्हाही छाती ठोकून सांगत होतो आणि आजही सांगतो. पळत्या खेळाची बाजू घेणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकून घेतो, चहा पाजतो, मत काही बदलत नाही. नंबराच्या खेळात डोक्याला काम असतं. माझ्याकडे काय आहे, समोरच्याकडे काय आहे, पुढच्या तीन नंबरांत कोण काय करील, याचा हिशोब बसल्या जागी मांडता येतो. पळत्या खेळात हा हिशोब मांडेपर्यंत तुमचा माणूस आडवा झालेला असतो. पण एक कबूल करायला पाहिजे. माझ्या या मताला एक भोक होतं, आणि ते मला विमलकाकूच्या गाईनं दाखवलं.

मागच्या दुष्काळाच्या त्या वर्षी मी डी.एड. होऊन घरी बसलो होतो. नोकरी नसलेल्या डी.एड.वाल्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. चिडवणं आणि मान देणं एकाच शब्दात उरकतं. विहिरीचा तळ दिसला, कडबा संपला, आणि गावच्या सोसायटीनं माळावर छावणी उघडली तेव्हा वडील म्हणाले, "जनावरं घिऊन तू जा. तुला तरी इथं काय काम हाय?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन बैल, एक गाय, एक बाज आणि मोबाईलचा चार्जर घेऊन मी माळावर राहायला गेलो.

छावणी म्हणजे मुरमाड रानात बांबूवर ताणलेली हिरवी जाळी आणि तिच्याखाली जनावरांच्या लांबच लांब दावणी. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला. सकाळी सोसायटीचा माणूस मोबाईल धरून एकेका कानापाशी जायचा आणि बिल्ला टिपून घ्यायचा, ती जनावरांची हजेरी. चारा म्हणून ऊस यायचा. कुट्टीचं मशीन सुरू झालं की सगळ्या माळावर उसाचा गोड, हिरवा वास पसरायचा आणि त्या वासानं जनावरं दाव्याला हिसके द्यायची. जाळीतून गाळून आलेलं ऊन अंगावर हिरव्या ठिपक्यांनी पडायचं. दावणीशेजारी ज्याच्या त्याच्या बाजा, तीन दगडांच्या चुली, जुन्या लुगड्यांचे आडोसे. दुपारी वारा तापून यायचा आणि शेणाचा, उसाचा, डिझेलचा वास एकत्र करून पुढे न्यायचा. आजही उसाच्या रसाच्या गाड्यावरून जाताना मला रस प्यावासा वाटत नाही, कुठंतरी सावलीला बाज टाकून आडवं व्हावंसं वाटतं.

काम सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. मधला सगळा दिवस मोकळा. सोसायटीच्या पत्र्याच्या खोलीत एकच बोर्ड होता आणि त्याला वीस-पंचवीस चार्जर लोंबकळत असायचे. माझा चुलतभाऊ दिगंबर, म्हणजे दिगू, माझ्याच दावणीला होता. त्याच्या मोबाईलात पळता खेळ, माझ्यात नंबराचा. तो खेळायला लागला की त्याचे खांदे, मान, भुवया सगळं खेळायचं. बाज करकरायची. मी मांडी घालून, हनुवटीला हात लावून बसायचो आणि दहा मिनिटांत एकदा बोट उचलायचो. तो वैतागायचा. "मास्तर, खेळायलास का ध्यान लावून बसायलास बे?"

आमच्या बाजांच्या पलीकडे विमलकाकूची चूल होती. काकू पन्नाशीची, सडपातळ, काळीभोर. हाताच्या कातडीवर उसाच्या पानांनी काढलेल्या बारीक रेघा. नात्यानं आमची कुणी नव्हती, पण शेजारच्या दावणीची बाई काकूच असते. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. तेव्हापासून दरसाल ती दिराच्या टोळीबरोबर कारखान्याला ऊस तोडायला जायची. आमच्या भागात टोळी माणसांनी मोजत नाहीत, कोयत्यांनी मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा. काकू अर्धा कोयता होती.

तिच्याकडे एकच जनावर होतं. मैना, लाल कंधारी गाय, पोटात सहा-सात महिन्यांचं वासरू. छाती सांगाड्यासारखी आणि पोट तेवढं गोल. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत दिवसातून चारदा तरी एकच गोष्ट सांगायची. "ही नीट येली की दूध डेअरीला घालायचं. मग म्या कारखान्याला जायची न्हाई. गावातच ऱ्हायाची." हे ती आम्हाला सांगत नव्हती, मैनेला सांगत होती. त्या उन्हाळ्यात छावणीत प्रत्येकाचंच काही ना काही टांगणीला लागलेलं होतं, पण काकूचं सगळं त्या एका पोटात होतं.

दुपारी ती आमच्या बाजेच्या कडेला टेकून खेळ बघायची. वाचता येत नव्हतं, पण चेहऱ्यांची ओळ तिला पहिल्याच दिवशी कळली. तिनं नावंही ठेवली. औषधपाणी करणारी ती वैदीण. ढाल घेतलेला म्हातारा तो ढाल्या. पहिल्यांदा तिला माझ्या खेळाचं हसू आलं. म्हणाली, "हे कसलं भांडण रं? एकानं मारायचं आन दुसऱ्यानं हात बांधून उभं ऱ्हायाचं? आमच्या वाडीत असं भांडले असते तर निम्मे लोक शाणे झाले असते." दिगूला आयतंच कोलीत मिळालं. तो दोन दिवस तेच घोकत होता. मी सांगितलं, काकू, अशानं इचार करायला वेळ मिळतो. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "मिळतो खरा. पर वैदिणीचा नंबर दरखेपी शेवटी कावून येतो?"

"तिचा वेग कमी हाय."

"कुणी मोजला?"

"गेम बनवणाऱ्यानं."

"बरं," असं म्हणून ती मैनेकडे गेली. मी एका दगडी राक्षसापाशी अडकलो होतो. वैदिणीचा नंबर येईपर्यंत माझं कुणीतरी मरायचंच. माझ्याकडे वेग वाढवणारा एकच तोडा होता आणि तो मी तलवारवाल्याच्या पायात घातला होता, कारण मारणारा पुढे पाहिजे ही माझी पक्की समजूत होती.

आता पाण्याचं सांगतो. माळावर एक लांबोडा खड्डा खणून त्यात शेततळ्याचा काळा कागद अंथरला होता. तो आमचा हौद. टँकर दिवसातून दोनदा यायचा, सकाळी दहाच्या सुमाराला आणि दुपारी चारला. पहिल्या आठवड्यात टँकरचा हॉर्न ऐकला की सगळी छावणी एकदम सुटायची. लोक दावी सोडायचे, जनावरं उधळायची, बादल्या एकमेकींवर आपटायच्या. पाण्याचा वास लागलेलं जनावर कुणाचं नसतं. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या बैलाचं शिंग मोडलं, पाचव्या दिवशी एका बाईच्या पायावर म्हैस उभी राहिली आणि तिचा पाय भाकरीसारखा फुगला. ज्यांच्या घरची तीन-चार धडधाकट माणसं छावणीत होती, त्यांची जनावरं पोटभर प्यायची. एकट्यादुकट्याच्या वाट्याला तळाचा चिखल.

मी सोसायटीच्या चेअरमनला म्हटलं, नंबर लावू. चेअरमननं माझ्याकडे बघितलं. "मास्तर हायस ना? मग तूच लाव." त्या दुपारी मी बाजेवर बसून वही आखली. समोर मोबाईलवर चेहऱ्यांची ओळ, मांडीवर वही. काल जी दावण शेवटी प्यायली ती आज पहिली. एकाचं झालं की त्यानं मागे जायचं, मगच दुसऱ्यानं दावं सोडायचं. गळ्यात शाळेतल्यासारखी शिट्टी. दोन दिवस लोकांनी कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी ओळ लागली, आणि आठवड्याभरात अशी शिस्त बसली की बैलसुद्धा शिट्टी ऐकून कान टवकारायचे. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. टँकरच्या पाइपातून पाणी पडल्याचा नुसता आवाज, आणि जनावरांच्या घशांचा. हौदाच्या कडेला शिट्टी घेऊन उभं राहताना मला नोकरी लागल्यासारखं वाटायचं. शेजारच्या गावचा चेअरमन ही वही बघायला मोटारसायकलवरून आला. दिगूला मी रोज ऐकवायचो, बघ, तुझा पळता खेळ आठवडाभर चालला, शिंग मोडलं, पाय सुजला. माझा खेळ बघ. 

वहीत मी नावं लिहिली ती कोयत्याप्रमाणे. मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावात मोजायचं म्हटलं की हात आपोआप तसाच चालतो. ज्या घरात नवरा-बायको दोघं, तो अख्खा कोयता, मग छावणीत एकटाच का आलेला असेना; त्याला दोन नंबर, सकाळचा आणि दुपारचा. अर्ध्या कोयत्याला एक, सकाळचा. विमल, अर्धा. हे लिहिताना पेन अडखळलं नाही. यादी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा सगळी छावणी समोर बसली होती. कुणाला काही खटकलं नाही. काकूही मान हलवून उठली.

त्यानंतरचे दिवस मी पुन्हा पुन्हा आठवून बघतो, कारण सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. दुपारी काकू आपली प्यायच्या पाण्याची कळशी उचलायची आणि लोखंडी पाटीत मैनेसमोर ओतायची. मला वाटायचं, किती जीव आहे बाईचा. भाकरीबरोबर ती पाणी कमी प्यायची, ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मला वाटायचं, उन्हाळा आहे. चारच्या खेपेला सगळी दावण हौदाकडे निघाली की मैना खुंट्याला मान ताणून उभी राहायची आणि एकदाच हंबरायची. मला काय वाटायचं ते आठवत नाही. बहुतेक मी वही बघत असेन.

वैशाखात एका दुपारी, चारच्या खेपेआधी, मैना व्याली. जाळीखाली सगळं तापून निघालं होतं. टँकर नुकताच रिकामा झाला होता, मी हौदापाशी होतो आणि ओळ लागली होती. सगळ्यांत पुढे निवृत्तीतात्या, त्यांच्या हातात दोन बैलांची दावी. एवढ्यात दिगू दोन बादल्या घेऊन पळत आला आणि कुणाकडे न बघता सरळ हौदात वाकला. माझ्या तोंडून शिट्टी वाजली. विचार करून नाही, सवयीनं वाजली.

"दिग्या, नंबर."

"काकूची गाय येलीय. खाली बसलीय, उठंना. पाणी न्हाई तिच्यापाशी, कळशी रिकामी हाय."

"काकूचा नंबर सकाळी झाला," मी म्हणालो. हे मी म्हणालो. वर वहीकडे बघितलं आणि म्हणालो, "दुपारचा न्हाई तिला. अर्धा कोयता हाय तिचा."

दिगू बादल्या हातात धरून उभा राहिला. त्याच्या दंडावरून पाणी निथळत होतं. ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "कोयता अर्धा आसंल बे. गाय अख्खी हाय."

वहीतलं अक्षर माझं होतं. वळणदार, डी.एड.मध्ये ज्याला बक्षीस मिळालं होतं ते. विमल, अर्धा. निवृत्तीतात्यांनी बैलांची दावी मागे ओढली आणि म्हणाले, "न्या रं पाणी. आमचं थांबतंय." मागच्यांनीही आपापली दावी आवरली. ती सगळी माणसं केव्हाही थांबायला तयार होती, त्यांना थांबायला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. मी वही मुरमावर टाकली, दिगूच्या हातातली एक बादली घेतली आणि पळालो.

काकू वासराचं तोंड पुसत बसली होती. मैना अंग टाकून बसली होती, मान जमिनीला टेकलेली, डोळे अर्धवट. काकूनं फडक्यात बांधून गुळाचा खडा जपून ठेवला होता, या दिवसासाठीच. त्यात कालवायला पाणी नव्हतं. आम्ही बादल्या ठेवल्या तेव्हा तिनं आधी माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघितलं.

"मास्तर, नंबर सोडून आलास?"

 मी चूल पेटवली. पाणी कोमट केलं, तिनं गूळ विरघळवला, पाटी मैनेच्या तोंडाशी धरली. मैनेनं नुसतंच हुंगलं. काकूनं ओंजळीत घेऊन तिच्या ओठांना लावलं, परत लावलं. मी आयुष्यात इतक्या मनापासून कुणाच्या पिण्याची वाट बघितलेली नाही. मग तिच्या घशात एक गाठ खालीवर झाली. पाटी संपली. दुसरी संपली. दिगू आणखी पाणी घेऊन आला. बऱ्याच वेळानं मैनेनं मागचे पाय उचलले, थरथरत तशीच थांबली, आणि मग पुढचेही उचलले. वासरू कालवड होती, आईसारखीच लाल, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका.

मी काकूला विचारलं, "मागितलं कावून न्हाई?"

ती कालवडीचे खूर साफ करत होती. म्हणाली, "लिवलेलं व्हतं की. लिवलेलं हाय म्हणल्यावर मला वाटलं, तसंच आसंल. टोळीचा मुकादम बी तसंच लिवतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुपला खेळ चांगलाय रं. पर मला दिगूचाच बरा वाटतो. तितं कुणी काय लिवत न्हाई. हात चालला तर मारायचं, न्हाई तर मरायचं."

त्या वाक्याला उत्तर शोधायला मला काही वर्षं लागली. आता आहे. काकू, दिगूच्या खेळात तुला तळाचा चिखलच मिळाला असता. पहिल्या आठवड्यात तोच मिळत होता. रेटारेटीत कुणी कुणाला ढकललं हे सगळ्यांना दिसतं, शिव्या देता येतात. माझ्या ओळीत तुझ्यावर अन्याय झाला तो मुकाट उभा होता, शिस्तीत, आणि आम्ही सगळे त्या शिस्तीचं कौतुक करत होतो. मला याची आजही लाज वाटते. पण म्हणून ओळ मोडायची नाही. ओळ कुणी आखली आणि आखताना त्याच्या हाताला कोणती सवय होती, हे रोज तपासायचं. खेळातली वैदीण हळू आहे हे आभाळातून पडलेलं नव्हतं, कुणीतरी बसून ठरवलेलं होतं. मी तर इतका हुशार की माझ्या हातातलाच तोडा तिच्या पायात घालायचं मला सुचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी यादी नव्यानं केली. कोयते काढून टाकले आणि जनावरांची तोंडं मोजली. जितकी तोंडं तितके नंबर, सकाळी आणि दुपारी. शिवाय प्रत्येक खेपेला पहिली जागा मोकळी ठेवली. ती कुणाच्याच नावावर नाही. कुणाची गाय व्याली, कुणाचा बैल उन्हानं पडला, तर त्यानं न विचारता यायचं आणि ती जागा घ्यायची. दिगूनं तिला पळता नंबर असं नाव दिलं आणि वर माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. बघू दिलं. मी वाचून दाखवत असताना काकू पुढे येऊन बसली होती. वाचून झाल्यावर तिनं वहीवर बोट टेकवलं. "ह्यातली मी कंची?" मी ओळ दाखवली. तिनं बोट त्या ओळीवरून शेवटपर्यंत फिरवलं. "आन फुडं काय लिवलंय?" मी म्हणालो, फुडं काय न्हाई. "बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलवारवाल्याच्या पायातला तोडा काढून वैदिणीच्या पायात घातला. दगडी राक्षस तिसऱ्या डावात पडला. काकू शेजारीच होती. तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

आषाढात छावणी उठली. जाळ्या गुंडाळल्या, बांबू उपटले, काळा कागद घडी करून सोसायटीच्या खोलीत गेला. माळावर खुंट्यांची भोकं तेवढी राहिली. दसऱ्याला टोळ्यांचे ट्रक भरले तेव्हा मी मुद्दाम वेशीपर्यंत गेलो. काकूचा दीर टपावर बसला होता. काकू खाली उभी होती, हातात डेअरीची किटली. ट्रक निघाला, तिनं हात केला आणि डेअरीकडे चालू लागली. मला त्या दिवशी जे वाटलं ते नोकरीची ऑर्डर आली असती तरी वाटलं नसतं. ऑर्डर तशीही आली नाही, मी दुकान टाकलं.

परवा छावणी परत उघडली. त्याच माळावर, तीच हिरवी जाळी, जरा जास्त विरलेली. नव्या चेअरमननं निरोप पाठवला, मास्तरला म्हणावं, वही घिऊन या. वडिलांच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, त्यामुळे आमची तीन जनावरंही मीच नेली, सकाळी छावणी आणि मग दुकान. दिगूनं हौदाजवळच बाज टाकली होती आणि काकूही आधीच आलेली होती. मैना आता म्हातारी झालीय, पण आहे. शेजारी ती कालवड, म्हणजे आता भरदार गाय, आणि तिचं खोंड. तीन तोंडं. मी यादी वाचली. पहिली जागा मोकळी. मग मी खिशातून शिट्टी काढली, ती जुनीच, दोरी तेवढी नवी. गळ्यात घालणार, तेवढ्यात काकू म्हणाली, "ती हिकडं दे."

"तुला वाचायला येतंय का?"

"तू वाच. वाजवायला कशाला वाचाय लागतंय?"

लोक हसले. मला नाही म्हणायला एकही कारण सापडलं नाही, आणि मी ते फार शोधलंही नाही. मी शिट्टी तिच्या हातात ठेवली. तिनं ती पदरानं पुसली, गळ्यात अडकवली आणि हौदाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

टँकर आला. पाइपातून पाणी पडायला लागलं. दहा वाजत आले होते, दुकान उघडायचं होतं, चौकात गिऱ्हाईक थांबलं असेल असं वाटत होतं. वही माझ्याच काखेत होती. पहिली मोकळी जागा रिकामीच होती, कुणाची काही अडचण दिसत नव्हती. म्हणून बैलांची दावी धरून मी सरळ पुढे निघालो.

शिट्टी वाजली. मोठी, लांब, सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी. बैल जागच्या जागी थांबले.

"मागं हो, मास्तर," विमलकाकू म्हणाली. "तुपला नंबर न्हाई."

दिगू हसून हसून बाजेवर आडवा झाला. मी बैल वळवले आणि ओळीत माझ्या जागी, निवृत्तीतात्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.